खडा, बादली आणि मग संगणक

[पोलादी वजन खाली येतं. खडा फुटतो.]

पुन्हा बघा. वर पोलादाचं वजन, खाली ऐरणीवर खाणीतल्या खनिजाचा एकच खडा. वजन किती आणि सोडलं किती उंचीवरून, हे ठाऊक असलं की तडाख्याची ऊर्जा कळते. मग तुकडे चाळायचे. मूळ आकाराच्या एक दशांशाहून बारीक माल किती टक्के झाला, तो आकडा टिपायचा. खड्यांचे 5 आकार, प्रत्येकाला 3 तऱ्हेचे तडाखे. अशा 15 जोड्यांतून दगडाचा चिवटपणा हाती येतो.

ही पद्धत ब्रिस्बेनमधल्या ज्युलियस क्रुटश्निट खनिज संशोधन केंद्राची. इंडूरूपिलीत, शिसं-चांदीच्या जुन्या खाणीच्या जागेवर ते उभं आहे. केंद्र 1970चं, पण त्याचे पहिले संचालक ॲल्बन लिंच त्याआधीच, साठच्या दशकात, माउंट आयझा इथल्या खाणीच्या, खनिज दळणाऱ्या प्लँटमध्ये नमुने गोळा करत होते.

[सायक्लोनखाली नमुना घेणारे हात]

हा गढूळ लोंढा म्हणजे बॉल मिलमधून, पोलादी गोळ्यांनी दगड दळणाऱ्या फिरत्या पिंपातून, आलेली स्लरी: पाणी आणि दळलेला दगड. सायक्लोन या शंकूसारख्या भांड्यात ती गरगरते. बारीक माल वरून फ्लोटेशनकडे, म्हणजे फेसावर खनिज वेगळं करायला, जातो, भरड खालून परत मिलमध्ये. एखादा कण किती फेऱ्या मारतो, ते कुणाला दिसणार? म्हणून प्रत्येक धारेखाली भांडं धरायचं, ठरावीक वेळानं, तासन्‌तास. बेल्ट थांबवून त्यावरचा माल उचलायचा, तळाची धूळसुद्धा ब्रशनं झाडून घ्यायची. वाळवायचं, तोलायचं, चाळायचं. एवढं करूनही आकडे जुळत नाहीतच! आत गेलेला माल आणि बाहेर पडलेला, यांचा ताळेबंद आधी बसवावा लागतो.

[संगणकाचा पडदा]

त्यानंतर कुठं संगणक. ऐंशीच्या दशकात याच केंद्रातून जेकेसिममेट हे सॉफ्टवेअर आलं. खड्याचे आणि बादलीचे आकडे त्यात भरले की प्लँटचं मॉडेल उभं राहतं. गोळे मोठे टाकले तर? सायक्लोनचं खालचं तोंड अरुंद केलं तर? प्लँटला हात न लावता विचारता येतं. पडद्यावरचे चौकोन देखणे असतात, कॅमेरा तिथंच रेंगाळतो. आम्ही बादलीपाशी जरा जास्त थांबलो.

अशा प्लँटमध्ये सगळ्यात जास्त वीज दळण्यावरच जाते. वाचवायची ती इथंच.

[खाणीतून नवा माल येतो]

पुढचा थर लागला की दगडाचा चिवटपणा बदलतो. कालचं मॉडेल त्याला लागू पडेलच असं नाही. नवा खडा ऐरणीवर ठेवलाय.

[वजन वर जातं.]