आठ, अठरा, अठ्ठावीस

नमस्कार मंडळी, आज न्यूयॉर्कच्या एका रेडिओ स्टेशनबद्दल बोलायचंय, डब्ल्यूसीबीएस, एएमवर 880. न्यूजर्सीतून गाडी घेऊन मॅनहॅटन गाठणाऱ्या आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, दिवसभर बातम्या असायच्या, आणि दर दहा मिनिटांनी ट्रॅफिक आणि हवामान, तेही ठरलेल्या ठोक्याला, आठ, अठरा, अठ्ठावीस, अडतीस असं. म्हणजे 7:28 झाले की आवाज वाढवायचा, लिंकन टनेलला किती तुंबलंय, जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजचा वरचा डेक बरा की खालचा, ते ऐकायचं आणि वेळेत लेन बदलायची.

आता हे बघा, 11 सप्टेंबर 2001 ला पहिलं विमान धडकलं 8:46 ला. 8:48 चा ट्रॅफिक रिपोर्ट द्यायला टॉम कमिन्स्की हेलिकॉप्टरमध्ये होतेच, त्यामुळे वर्ल्ड ट्रेड सेंटरला काहीतरी भयंकर झालंय हे लोकांना ट्रॅफिकच्या वेळेलाच कळलं. पहिली खबर द्यायला वेगळी टीम पाठवायची गरजच पडली नाही, कारण अठ्ठेचाळीस वाजले की तो माणूस बोलणारच. मला विचाराल तर या स्टेशनची खरी कमाई ही.

बातम्यांचं स्टेशन म्हणून सुरुवात 28 ऑगस्ट 1967 ची. आणि आदल्याच दिवशी त्यांच्या हाय आयलंडवरच्या टॉवरला एक छोटं विमान धडकलं, टॉवर कोसळला, मग पहिला दिवस एफएमवरून निभावून नेला!

समोर बातम्यांचंच दुसरं स्टेशन, 1010 विन्स, होतंच, 1965 पासून, मागे टेलिप्रिंटरची खडखड आणि बावीस मिनिटांत जगाच्या बातम्या. मला ते जरा घाईचंच वाटायचं, 880 वाले दोन वाक्यं जास्त बोलायचे. पण नव्वदच्या दशकात विन्सच्या मालकाने, वेस्टिंगहाऊसने, 880 ची मालक कंपनी सीबीएस घेतली आणि दोन्ही स्टेशनं एकाच मालकाची झाली. समोरासमोर दोन दुकानं, गल्ला एकच, जाहिराती आटल्या की एकाचं शटर पडणारच ना. 2022 मध्ये विन्सला एफएम मिळालं तेव्हाच कोणाचं पडणार ते दिसत होतं. ऑगस्ट 2024 मध्ये 880 वरच्या बातम्या बंद झाल्या, आता तिथे ईएसपीएन, खेळाच्या गप्पा.

तर ट्रॅफिक हवं असेल तर 1010 नाहीतर एफएम 92.3 लावा, फक्त ठोका बदललाय, तिकडे एक, अकरा, एकवीस.