येरळेच्या काठानं

नमस्कार श्रोतेहो.

आज तुमच्याशी येरळा नदीबद्दल बोलायचंय. खटाव तालुक्यात उगम पावणारी ही दुष्काळी भागातली नदी सांगली जिल्ह्यात उतरते आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. पाऊस संपला की पात्र कोरडं पडायचं, असंच आपण तिला वर्षानुवर्षं बघत आलो. पण तिच्याच संगमावर, ब्रह्मनाळला, ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून बाहेर पडणाऱ्या माणसांची बोट उलटली. बायका-पोरं बुडाली. त्या आठवड्यात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी आहे ४५ फूट.

वरच्या अंगाला कोरड आणि खालच्या अंगाला महापूर, असं आपल्या एकाच नदीचं झालंय. हवा तापली की ती जास्त बाष्प धरते, एका अंशाला साधारण सात टक्के. ते बाष्प घाटावर चढतं आणि एकदम कोसळतं. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस माण-आटपाडीला अख्ख्या वर्षात मिळेल याचीही खात्री नसते. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी घरांवर आल्या.

पूर ओसरला की आपल्याकडे कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर वाद पेटतो. तो व्हायलाच हवा. धरणातलं पाणी कधी आणि किती सोडायचं, हे दोन्ही राज्यांनी मिळून ठरवल्याशिवाय गत्यंतर नाही. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीलगत जिथं बांधायला मनाई आहे तिथं, बांधकामं कुणी होऊ दिली, हेही विचारायला हवं. पण या सगळ्या वादात एक माणूस कायम बाहेर राहतो. ज्याच्या नावावर काहीच नाही, तो.

२०१९ च्या पुरानंतर आमच्या नदीकाठच्या वस्तीवर मी गेले होते. एक शेतमजूर बाई दारात पाटावर बसून रेशनकार्ड वाळवत होती. कार्डाची पानं एकमेकांना चिकटलेली. ती नखानं एकेक पान सोडवायची, त्यावर पदराचा कोरडा कोपरा दाबायची आणि पुन्हा फुंकर घालायची. मागच्या भिंतीवर तिच्या डोक्याच्या वर हातभर गाळाची रेघ होती. पंचनाम्याला आलेल्यांनी घर कुणाच्या नावावर, एवढंच विचारलं आणि मालकाचं नाव लिहून पुढं गेले. ती मला म्हणाली, "बाई, घर मालकाचं खरं, पर पाणी माझ्या चुलीत शिरलं की."

पिकाची भरपाई सातबारा बघून मिळते. उसाचा फड बुडाला तर त्याची मोजणी होते. त्या फडात भांगलायला जाणाऱ्या बाईचा दोन महिन्यांचा रोजगार बुडाला, तो कुणी मोजत नाही. हा अन्याय आहे असं मला वाटतं, आणि तो पावसानं केलेला नाही.

यावर उत्तर शोधायला फार लांब जायला नको. पुन्हा येरळेकडेच वळू या. खानापूर तालुक्यात बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात नदीतला बेसुमार वाळूउपसा अडवला. ठेकेदार वाळू नेत होते आणि काठच्या विहिरी आटत होत्या. लोकांनी भांडून थोडी वाळू स्वतः विकायची परवानगी मिळवली आणि त्या पैशातून, स्वतःच्या श्रमातून बळीराजा धरण बांधलं. मुंबईच्या गिरणी संपानंतर गावी परतलेले कामगारही त्या चळवळीत होते. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यांचं पाणी वाटायचं सूत्र. पाणी जमिनीच्या एकरावर नाही, माणसांवर वाटायचं. भूमिहीनालाही त्याचा वाटा. आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, कारण एकाचा ऊस चार घरांचं पाणी पितो. पुढं आटपाडीच्या पाणी परिषदांमधून समन्यायी पाणीवाटपाची मागणी स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी आणि श्रमिक मुक्ती दलाचे भारत पाटणकर यांनी लावून धरली.

पाण्याचा वाटा जर माणसावर ठरू शकतो, तर पुराची भरपाई का नाही?

आमच्या गावात यंदा मे महिन्याच्या ग्रामसभेत आम्ही एक वही केली. भाडेकरू, ऊसतोडीला आलेली कुटुंबं, एकट्या राहणाऱ्या बायका, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, कुणाची किती जनावरं, सगळं लिहिलं. पाणी चढलं तर कुणाला आधी हलवायचं आणि नंतर पंचनाम्याच्या वेळी कुणासाठी उभं राहायचं, ते ठरलं. दीड दिवस लागला. वहीची एक प्रत तलाठ्यांकडे दिली, पोच घेतली. तुमच्या गावात अशी वही नसेल, तर पहिला मोठा पाऊस यायच्या आत करा, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

ती रेशनकार्डवाली बाई ग्रामसभेला पहिल्यांदाच आली होती. बायकांत मागं बसली होती. नावं वाचायला लागलो तेव्हा उठून पुढं आली, वहीवर वाकली आणि म्हणाली, "माझं कुठं लिवलंय, ते बोट लावून दाखवा." मी दाखवलं. वाचता येत नसलं तरी ती त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिली.

नमस्कार.