रिकामा पाट

श्रोतेहो, नमस्कार. आवर्त सारणी म्हटलं की शाळेच्या भिंतीवरचा तो तक्ता आठवतो. हायड्रोजन, हेलियम, लिथियम... पाढ्यांसारखं घोकलेलं. आज मी काही घोकायला लावणार नाही. एका रिकाम्या पाटाची गोष्ट सांगणार आहे.

साल १८६९. रशियातलं सेंट पीटर्सबर्ग. दिमित्री मेंडेलीव्ह तिथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. तेव्हा ठाऊक असलेली मूलद्रव्यं होती ६३. त्यांनी ती अणूंच्या वजनानुसार मांडली आणि एका स्वभावाची मूलद्रव्यं एका पंगतीला बसवली. मधेच कुठे जुळेना. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, सरकून घ्या जरा. मेंडेलीव्हांनी पाट रिकामाच ठेवला. म्हणाले, पाहुणा अजून यायचा आहे.

नुसता रिकामा ठेवला नाही हं. न आलेल्या पाहुण्याचं वर्णनही १८७१ साली लिहून टाकलं. अल्युमिनियमच्या खालचा हा धातू, अणूचं वजन साधारण ६८, पाण्याच्या ५.९ पट जड, आणि चटकन वितळणारा. नाव काय ठेवलं? एका-अल्युमिनियम. म्हणजे अल्युमिनियमच्या एक घर खालचा. हा ‘एक’ आपलाच बरं का, संस्कृतातला! पीटर्सबर्गच्या अकादमीत त्याच काळात संस्कृतचा जाडजूड शब्दकोश छापला जात होता. आपल्याकडे मात्र संस्कृत म्हणजे दहावीला गुण मिळवायचा विषय. असो.

१८७५ साली फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्रां नावाच्या संशोधकाला पिरेनीज डोंगरातल्या जस्ताच्या खनिजात एक नवा धातू सापडला. वर्णपटात, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून पाहिल्यावर, दोन जांभळ्या रेषा दिसल्या, त्यावरून ओळखला. नाव दिलं गॅलियम. चिमूटभर धातू गोळा करून त्यांनी घनता, म्हणजे पाण्याच्या किती पट जड ते, मोजली. आली ४.७.

आणि रशियातून मेंडेलीव्हांनी कळवलं, हा तर माझा एका-अल्युमिनियम, पण तुमची घनता चुकली असावी. ५.९ च्या आसपास यायला हवी. धातू नीट शुद्ध करून घ्या.

विचार करा. ज्याने धातू काढला, हातात धरला, तो म्हणतो ४.७. ज्याने तो डोळ्यांनी पाहिलासुद्धा नाही, तो हजाराहून जास्त मैलांवरून म्हणतो ५.९. लकॉक यांना ते रुचलं नसणार. पण त्यांनी धातू पुन्हा शुद्ध केला, पुन्हा मोजला. किती आली? ५.९. पुन्हा सांगतो, पाच पूर्णांक नऊ!

हा गॅलियम तीस अंशांच्या आतच वितळतो. तळहातावर ठेवला की पाणी. मे महिन्यात आपल्याकडे तो फडताळातच वितळून बसेल. याचा चमचा करून गरम चहात घातला तर चमचा वितळून तळाशी जातो, ही गंमत दाखवतात. अर्थात तो चहा प्यायचा नाही. तसा कागदी कपातला चहाही मी पीत नाही. चहा बशीतच प्यावा.

आता हे जुळलं कसं, ते पटकन. अणूच्या मध्यभागी केंद्रक, त्यात प्रोटॉन. प्रोटॉन किती, तो अणुक्रमांक. खरा क्रम वजनाचा नाही, या अणुक्रमांकाचा, हे १९१३ साली इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ मोझली यांनी दाखवलं. अल्युमिनियमचे १३, गॅलियमचे ३१. बाहेर तेवढेच इलेक्ट्रॉन, कवचाकवचांत. अल्युमिनियमचे दोन, आठ, तीन. गॅलियमचे दोन, आठ, अठरा, तीन. शेवटी दोघांचे तीनच. शेवटचे तीन, म्हणून स्वभाव सारखा, म्हणून पंगत एक. मेंडेलीव्हांनी पाट मांडला तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला माहीतच नव्हता. तो सापडला १८९७ साली.

मेंडेलीव्हांनी असेच पाट राखून ठेवलेले आणखी दोन पाहुणेही आले. १८७९ साली स्कँडियम, १८८६ साली जर्मेनियम. आणि गॅलियम? घरातल्या एलईडी दिव्यात आहे तो. आज दिवा लावाल तेव्हा आठवण काढा त्याची. नमस्कार.