उत्तरापुढे दाखल क्रमांक हवा

मंडळी, चॅटबॉट ग्रंथालयात आणायचा की नाही, यावर वाद घालण्यात आता अर्थ नाही. वाचकांच्या खिशातून तो कधीच आत आलाय. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं आणि अस्तित्वात नसलेली पुस्तकं शोधण्याचं काम संदर्भ विभागाच्या मागे लागलं. विद्यार्थी चॅटबॉटनं दिलेली यादी घेऊन येतो. लेखक खरा, प्रकाशक खरा, सालही पटण्यासारखं, पण तसं पुस्तक त्या लेखकानं लिहिलेलंच नसतं. २०२५च्या मे महिन्यात अमेरिकेत 'शिकागो सन-टाइम्स'च्या पुरवणीत एआयच्या मदतीनं केलेल्या यादीत उन्हाळी वाचनासाठी १५ पुस्तकं सुचवली होती, त्यातली १० अस्तित्वातच नव्हती. प्रसिद्ध लेखिका इसाबेल अयेंदेंच्या नावावरही अशीच एक कादंबरी घातलेली होती.

या यंत्रापाशी मुळात पुस्तकांची नोंदवही नसते. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, या हिशेबानं ते वाक्य जुळवतं. आपल्याकडे शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली. नोंदीला केवढी किंमत असते, हे त्या कामाचा आधार घेणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक आहे.

म्हणून ग्रंथालयाचा चॅटबॉट आपल्या तालिकेला, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या सूचीला, बांधलेला हवा, असं माझं ठाम मत आहे. प्रश्न आला की आधी तालिकेत शोध, सापडलेल्या नोंदींवरूनच उत्तर, आणि प्रत्येक पुस्तकापुढे वर्गांक (विषयानुसारचा क्रमांक) व दाखल क्रमांक (ग्रंथालयानं त्या प्रतीला दिलेला नोंद क्रमांक). नाही सापडलं, तर तसं सांगून वाचकाला ग्रंथपालाकडे पाठवायचं. वेळा, वर्गणी, पुस्तक राखून ठेवणं ही कामं त्यानं रात्री अकरालाही खुशाल करावीत. वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ सालीच सांगून ठेवलंय.

मात्र 'कोहा' या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत मराठी पुस्तकं कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत नोंदली असतील, एकाच लेखकाचं नाव तीन तऱ्हांनी असेल, तर चॅटबॉटलाही अर्धंच सापडणार. 'ड' या सर्वांत छोट्या वर्गातल्या कितीतरी सार्वजनिक वाचनालयांत तर अजून हातानं लिहिलेली नोंदवहीच आहे. आधी पैसा आणि माणसं तिकडे लावा.

आणि काही प्रश्न माणसानंच ऐकायचे असतात. देवघेवीच्या टेबलाशी एखादे आजोबा विचारतात, "मोडीचं पुस्तक आहे का?" यंत्र लगेच चार नावं देईल. ग्रंथपाल विचारतो, "काय वाचायचंय, काका?" मग पिशवीतून जुनं खरेदीखत बाहेर येतं. त्यांना लिपी शिकायची नसते, जमिनीचा कागद वाचून हवा असतो. त्यांना मोडीचा जाणकार गाठून द्यावा लागतो.

शेवटचं, चॅटबॉट पुरवणाऱ्या कंपनीशी करायच्या कंत्राटाबद्दल. लोक आपल्याला आजाराबद्दल विचारतात, घटस्फोटाबद्दल विचारतात. असा प्रश्न सभासद क्रमांकासकट बाहेरच्या कंपनीकडे जाता कामा नये. संभाषणं किती दिवसांनी पुसली जातील, हे सही करण्याआधी लेखी घ्या.