जखम वाळू देऊ नका

(दृश्य : पूर्व भागातली बोळ, यंत्रमागांचा खडखडाट)

सोलापूरचा पूर्व भाग. मागावर दिवसभर उभे राहणारे पाय, आणि मे महिन्यात चाळिशीपार गेलेला पारा. शुगर जुनी झाली की तळपायाची जाणीव हळूहळू जाते. चपलेतला खिळा टोचला तरी कळत नाही. कळतं ते चादरीवर डाग दिसल्यावर. मग घरात जे असेल ते जखमेवर जातं. हळद, चुना, विडीची तंबाखूसुद्धा. वर शेजारचा सल्ला : उघडी ठेव, वाळू दे.

गोम इथेच आहे.

(दृश्य : ड्रेसिंगची खोली, ट्रे, गॉज)

जखमेतलं मेलेलं मांस कधी पिवळट आणि चिकट असतं, कधी काळी कडक खपली. तिथे रक्त पोचत नाही, म्हणून पोटात घेतलेली गोळीही पोचत नाही. जंतूंना मात्र आयतं घर मिळतं. हे मांस निघाल्याशिवाय नवी कातडी धरत नाही. ताप असेल, लाली वर चढत असेल, तर वेळ न घालवता सर्जनकडेच जायचं. ते कापून काढतात. पण सगळ्यांवर ती वेळ येत नाही.

जखम ओलसर राहिली तर पांढऱ्या पेशींतली पाचकद्रव्यं मेलेला भाग स्वतःच सुटा करतात. १९६२ साली संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग केले. झाकलेल्या, ओलसर जखमेवर त्वचा उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने चढली.

अर्थात ओल म्हटली की जंतूंचीही चंगळ. म्हणून पट्टीत औषध घालतात. चांदीची पट्टी म्हटल्यावर नातेवाईक आधी किंमत विचारतात, आणि विचारावीच. चांदी मांस काढत नाही, ती जंतू मारते. मांस सुटतं ते ओलीमुळे. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही, तर तीच पट्टी पुढे रेटण्यात अर्थ नसतो. आयोडीनच्या बारीक मण्यांची पट्टी वेगळी. मणी जखमेतलं पाणी शोषून भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फुगतात आणि आयोडीन थोडं थोडं सोडतात. तपकिरी रंग फिका पडला की पट्टी बदलायची. थायरॉइडचा त्रास असेल तर ते आधी सांगायचं.

आणि मध? सुश्रुताने व्रणाचं आधी शोधन, म्हणजे सफाई, मग रोपण, म्हणजे भरून आणणं, सांगितलं. त्यात मध-तूप आहे. आजही मधाच्या पट्ट्या मिळतात, पण तो मध निर्जंतुक केलेला असतो. फडताळातली बाटली जखमेवर ओतायची नाही.

(दृश्य : सिस्टर पट्टी सोडते आहे)

"मामा, घाबरू नका. जखम वाढली नाही. घाण निघाली म्हणून खड्डा दिसतोय."

याच टप्प्यावर पुष्कळ जण पट्टी लावणंच सोडून देतात. काही जण पट्टी नेमाने बदलतात, पण त्याच पायावर भार देऊन पुन्हा मागावर उभे राहतात. मग पट्टी चांदीची असो की साधी, ती हरते.

(दृश्य : पावलावर टेकवलेली दोन बोटं)

पट्टी ठरवण्याआधी डॉक्टर पावलावरची नाडी बघतात. नाडी लागत नसेल, म्हणजे पायात रक्त नीट पोचत नसेल, आणि टाचेवर काळी, कोरडी, घट्ट खपली असेल, तर तिथे ओली पट्टी लावत नाहीत. ती खपली कोरडीच ठेवतात, आणि पेशंटला रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवतात.