जरीपटक्यात रुळताना

उत्तर नागपुरातील जरीपटका ही फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती. १९४७ नंतरही सिंधी हिंदू कुटुंबांचे येथे येणे थांबले नाही. आधी आलेला मामा किंवा चुलतभाऊ खोली पाहून ठेवतो, दुकानात काम मिळवून देतो आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावर नवा संसार मांडला जातो. या कुटुंबांच्या कागदपत्रांविषयी बरेच बोलले जाते. त्यांच्या मनाची विचारपूस मात्र क्वचितच होते.

एका घरातली माणसेही सारख्या वेगाने रुळत नाहीत. कर्त्या पुरुषाला रोजगाराची धावपळ सावरून धरते. मुलांची कसोटी वर्गात लागते. सिंधी माध्यमातून आलेले मूल आजवर अरबी वळणाच्या बावन्न अक्षरांत, उजवीकडून डावीकडे लिहीत आलेले असते. देवनागरी येत नाही म्हणून त्याला खालच्या वर्गात बसवले, की गणितात हुशार असलेले तेच मूल सवयीने वही उलट्या बाजूने उघडते आणि बाकावरचे हसू कानी पडताच मिटून टाकते. पुढे ते शिकते, नागपुरी हिंदीत भांडूही लागते आणि बघता बघता घराचा दुभाषी बनते. बँकेचा अर्ज तेच भरते, दवाखान्यात आजीचे दुखणेही तेच सांगते. आईवडिलांना याचे कौतुक वाटते, पण या वयात मोठ्यांच्या काळज्या वाहणे सोपे नसते.

सर्वांत अवघड जाते ते आजीला. साईभाजी तशीच शिजते, झुलेलालचे मंदिर जवळ आहे, शेजारी सिंधी बोलतात, तरी तिचा जीव रमत नाही. ‘आता तुम्ही सुरक्षित आहात’ असे म्हणून समजूत घालणाऱ्यांचा हेतू चांगला असतो; परंतु त्यामुळे मागे राहिलेल्या घराची आठवण काढणेही तिला कृतघ्नपणा वाटू लागते. तिला बोलू द्यायला हवे, पुन्हा पुन्हा तेच सांगितले तरीही.

डिसेंबर २०१६ मध्ये नागपूरसह काही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना अशा अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे पाकिस्तानचे नागरिकत्व सोडावे लागते आणि तिकडे राहिलेल्या सख्ख्या बहिणीला भेटायचे तर व्हिसा मागावा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान सीमेवरची अटारीची चौकीही बंद झाली. म्हणूनच प्रमाणपत्र हाती येते त्या दिवशी मुलगा गल्लीत पेढे वाटतो आणि आजीला मात्र आपले माहेर आता कायमचे तुटले असे वाटते.