सेम ऑर सिमिलर

(न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळाच्या कोजागिरी मेळाव्यातलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

कोजागिरीला लक्ष्मी विचारत फिरते, 'को जागर्ति?' आमच्या घरी हे विमा कंपनीची बॅच विचारते, म्हणजे तिथल्या कॉम्प्युटरवर रात्री आपोआप चालणारं काम. ते अडलं की रात्री पावणेतीनला फोन वाजतो आणि मी तळघरात उतरून 'मी जागा आहे' म्हणतो. २६ वर्षं झाली.

पन्नाशीत नोकरी सोडावी का, यावर बोल असं मला सांगण्यात आलं. कारण उघड आहे. पिकनिकला याच विषयावर मी ग्रिलजवळ तिघांचा दीड तास खाल्ला होता, आणि त्यातले दोघे कार्यकारिणीत निघाले.

मी १९९९ साली वाय-टू-केच्या लाटेत आलो. जुन्या कोबोल प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे असायचे, ते चार करायचे होते. काम वर्षभरात संपलं. मी राहिलो.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. बॅच सॉक-सेव्हन नावाची एरर देऊन पडली होती. मेनफ्रेमवाल्यांना माहीत आहे, आकड्याच्या जागी भलतंच काही आलं की हे होतं. तळघरात हीटर घरघरत होता, पायात दोन मोजे. क्लेमच्या रकमेच्या रकान्यात कुणीतरी रिकामी जागा सोडलेली. २००४ साली मी हीच चूक याच फाइलमध्ये दुरुस्त केली होती, खाली कॉमेंटमध्ये माझी आद्याक्षरंही होती. वीस मिनिटांत काम झालं. राग आला नाही, कंटाळासुद्धा आला नाही. तेच मला जास्त लागलं.

मग इतकी वर्षं सोडली का नाही? जुन्या लोकांना जुलै २००७ आठवत असेल. ग्रीन कार्डाच्या, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याच्या, अर्जाच्या सगळ्या तारखा एकदम खुल्या झाल्या आणि २ जुलैला परत बंद. आपल्या लोकांनी गांधीगिरी करत इमिग्रेशनच्या प्रमुखांना फुलं पाठवली, त्यांनी ती लष्करी रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे धाडली. १७ जुलैला सरकार नमलं आणि अर्ज घेतले. माझाही गेला. वकील म्हणाला, १८० दिवसांनंतर नोकरी बदलता येईल, पण काम 'सेम ऑर सिमिलर' हवं, तेच किंवा तसलंच. हे तीन शब्द आमच्या घरात देव्हाऱ्यातल्या तसबिरीसारखे जाऊन बसले. गणित शिकवायची मला हौस, पण ते ना सेम, ना सिमिलर.

कार्ड २०१३ साली आलं. म्हणजे बारा वर्षं दार उघडं आहे. मी मात्र अजून वकिलाला विचारल्यासारखा वागतोय.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी बायकोला म्हटलं, "तू नको म्हणतेस म्हणून मी इथे अडकलोय." ती डबा भरत होती. म्हणाली, "मी कधी म्हटलं नको? तू विचारलंस कधी?" खरंच विचारलं नव्हतं. अठरा वर्षं मी तिच्या वतीनं नकार देत होतो.

त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर हिशेब मांडला. नोकरी सोडल्यावर कोब्रा कायद्याखाली कंपनीचा आरोग्य विमा साधारण १८ महिने चालतो, पण कंपनीचा वाटाही आपण भरायचा, वर २ टक्के. ४०१-केला, म्हणजे निवृत्तीसाठी कंपनीत साठवलेल्या पैशाला, साडेएकोणसाठच्या आधी हात लावला तर कराखेरीज १० टक्के दंड. ज्या वर्षी पंचावन्न पूर्ण होतात तेव्हा किंवा नंतर नोकरी सोडली, तर त्या कंपनीच्या खात्यापुरता दंड माफ. मी ५१चा, म्हणजे चार वर्षं कमी पडतात. सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, सर्वाधिक कमाईची ३५ वर्षं धरते. माझी २६, घरी बसलो तर ९ शून्यं. शाळेत शिकवलं तर तिथे निदान बारका आकडा पडेल, आणि विमा शाळेचा. पगार मात्र जवळपास निम्मा. आमच्या ह्यांचं गणित चांगलं आहे हे बायकोनं त्या दिवशी पहिल्यांदा मान्य केलं.

न्यू जर्सीत बी.एड. नसतानाही अल्टर्नेट रूटनं शिक्षक होता येतं. पदवीचं मूल्यांकन करून घेतलं, त्यासाठी गावाकडून मार्कशीट मागवताना जी वणवण झाली ती वेगळ्या भाषणाचा विषय आहे. शिक्षकांसाठीची गणिताची प्रॅक्सिस परीक्षा ऑगस्टमध्ये दिली. हॉलमध्ये माझ्या मुलीच्या वयाची पोरं. पास झालो.

इथे एच-वनवर, म्हणजे नोकरीला बांधलेल्या व्हिसावर, असलेली मुलंमुली बसली आहेत. त्यांना माझं हे काही लागू नाही. नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त ६० दिवस, आणि ग्रीन कार्डांना दर देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्यानं रांग कुठे संपते ते दिसत नाही. त्यांना 'हिंमत कर, दे राजीनामा' म्हणणारे काका-मामा मला अजिबात आवडत नाहीत. मीही वीस वर्षांपूर्वी असल्या काकांपासून लांब पळायचो. ज्यांच्या हातात कार्ड आहे, घराचे हप्ते आटोक्यात आहेत आणि तरीही जे 'सेम ऑर सिमिलर' पुटपुटत बसलेत, त्यांच्याशी मी बोलतोय. पहिल्या रांगेत तिघे दिसतात.

मी राजीनामा दिलाय का? नाही. मार्चमध्ये बोनस येतो आणि शाळा सप्टेंबरला सुरू होतात, तेव्हा मधल्या काळात कधीतरी. एका शाळेशी बोलणं चालू आहे. जूनपर्यंत देईनच, असं छातीठोकपणे सांगवत नाही. बायको म्हणते पत्र लिहून तरी ठेव. लिहिलंय, तारीख घातलेली नाही.

बाकी प्रश्न दूध पिताना विचारा. आज मी ऑन-कॉल आहे. मध्येच फोन वाजला तर माझा पेला कुणीतरी झाकून ठेवा.